कात्रज ते वाई, डीएमडीच्या संशोधनासाठी

आधी पैशाचंच सांगते, कारण सगळे तिथंच अडखळतात. आम्ही कात्रज ते वाई टप्प्याटप्प्यानं धावत जी रिले केली तिच्यात जे पैसे जमले त्यातला एक रुपयाही माझ्या भाच्याच्या औषधपाण्याला वापरायचा नव्हता, सगळे संशोधनाला द्यायचे होते, आणि त्या संशोधनातून काही निघालंच तर ते माझ्या भाच्याच्या उपयोगी पडेल अशी शक्यता जवळजवळ नाही. हे आम्ही प्रत्येकाला पैसे घ्यायच्या आधी सांगत होतो. लोक म्हणायचे, मग कशाला? या "कशाला"चं उत्तर द्यायला मला स्वतःला बरेच महिने लागले, म्हणून लिहायला बसलेय. शिवाय अशी रिले करू म्हणणाऱ्यांनी मला फोन करून जे विचारलंय तेही यात येईल.

ओम माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा, आता १४ वर्षांचा. वाईला असतात ते. ओमला डीएमडी आहे, म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू निकामी करत नेणारा जन्मजात आजार. चालायला उशिरा लागला, सारखा पडायचा, पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या दिसायच्या, त्यामुळं आजी कौतुकानं म्हणायची पैलवान होणार. जमिनीवरून उठताना आधी हात टेकायचा, मग गुडघ्यावर, मग मांडीवर हात ठेवत ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. साताऱ्याच्या डॉक्टरांनी ते एकदाच बघितलं आणि लगेच सीपीके म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी रक्ताची टेस्ट करायला सांगितली. नॉर्मल २०० च्या आतबाहेर असते, ओमची १५,००० च्या वर आली. मग पुण्यात एमएलपीए नावाची जेनेटिक टेस्ट झाली आणि कळलं की डिस्ट्रॉफिन नावाचं जे प्रोटीन स्नायू फाटू देत नाही त्याच्या जीनचे काही एक्झॉन म्हणजे तुकडे गायब आहेत. हा माणसाचा सगळ्यात मोठा जीन, ७९ एक्झॉन आहेत त्याला, एवढा लांबलचक म्हणल्यावर बिघाडाला जागाही तेवढीच. प्रोटीन सापडलं १९८७ ला. म्हणजे ताई शाळेत होती तेव्हाच शास्त्रज्ञांना कारण कळलेलं होतं, औषधाचं घोडं अजून अडलेलंच आहे.

हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, त्यामुळं बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सहसा फारसं काही होत नाही कारण तिच्याकडे दुसरा एक्स असतो. सगळ्याच केसेस अशा नसतात, साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानंच झालेला असतो, घरात आधी कुणालाच नसतो. आमच्याकडे तसं नव्हतं. आईचा एक धाकटा भाऊ लहानपणीच पांगळा होऊन अठराव्या वर्षी गेला होता, आणि सगळं घर आजपर्यंत पोलिओ झाला म्हणूनच सांगत आलं होतं. ओमचा रिपोर्ट आल्यावर आई दोन दिवस जेवली नाही. नंतर माझीही टेस्ट झाली, मीही कॅरियर, म्हणजे हा बिघाड पुढच्या पिढीला देऊ शकणारी, निघाले. मला एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिची टेस्ट आत्ता करायची नाही, मोठी झाल्यावर तिनं स्वतः ठरवायचं असं जेनेटिक काउन्सेलरनं समजावलं आणि मला ते पटलंय, पण हा विचार डोक्यातून जात नाही. कॅरियर बायकांनी हृदयाची इको वेळच्या वेळी करून घ्यायची असते हेही तेव्हाच कळलं. घरात डीएमडी असलेल्या सगळ्या बहिणींना, मावश्यांना कळकळीनं सांगते, हे टाळू नका.

तर "कशाला".

पहिला विरोध घरातूनच झाला. भावजींनी सरळ विचारलं, "तू धावतेस, तुझ्या ओळखी आहेत, लोक तुला पैसे देतील, मग ते ओमच्या फिजिओला, पुढं बायपॅप म्हणजे श्वासाचं मशीन लागेल त्याला का नकोत?" मला काही बोलता आलं नाही कारण त्यांचं खरंच होतं. स्टेरॉइड रोज चालू आहेत, वर्षातून इको, श्वासाची टेस्ट, व्हीलचेअर, गाडीत चढवायला रॅम्प, या सगळ्याचा खर्च भावजी एकटे ओढतायत. ताई मात्र बसल्या जागेवरून म्हणाली, "ओमसाठी आपण आहोत ना. हिच्या पोरीला उद्या मुलगा झाला तर त्याच्यासाठी कोण असणार?" भावजी उठून बाहेर गेले. आठवड्याभरानं त्यांचाच फोन आला, हिशोब कोण ठेवणार आहे, मी ठेवतो म्हणाले. आणि ठेवला, पै न् पैचा.

ओमला उपयोग नाही असं मी का म्हणते तेही सांगते. डीएमडीच्या बऱ्याचशा ट्रायलमध्ये मूल सहा मिनिटांत किती मीटर चालतं हे मोजतात, औषध लागू पडतंय का नाही ते त्यावरून ठरवतात. ओमचं चालणं अकराव्या वर्षी सुटलं. म्हणजे तो दरवाजाच बंद. एक्झॉन स्किपिंगची, म्हणजे एखादा एक्झॉन गाळून बाकीचा जीन वाचायला लावणारी, जी औषधं आहेत, अमेरिकेत पहिलं २०१६ ला मंजूर झालं, ती ठराविक एक्झॉन गायब असलेल्या मुलांनाच चालतात, पहिलं औषध तर शंभरातल्या तेराएक मुलांपुरतं. त्यातून आजार जात नाही, थोडंफार डिस्ट्रॉफिन तयार व्हायला लागतं एवढंच. आणि २०२३ ला जी जीन थेरपी आली तिची किंमत ३२ लाख डॉलर, आपले पंचवीस कोटींच्या वर. २०२५ मध्ये ती घेतलेल्या, चालणं बंद झालेल्या दोन मुलांचा लिव्हर निकामी होऊन मृत्यू झाला आणि अशा मुलांना ती देणं थांबवलं गेलं. ताईनं ती बातमी वाचली त्या रात्री मला फोन केला आणि आम्ही दोघी नुसत्या फोन धरून बसलो होतो. आपल्या सरकारचं २०२१ चं दुर्मिळ आजारांचं धोरण आहे, त्यात एका पेशंटला ५० लाखांपर्यंत मदत आहे, पण पंचवीस कोटींपुढं त्याचं काय होणार. म्हणून मला वाटतं की या आजाराचं औषध इथं, आपल्या लॅबमध्ये, आपल्या मुलांच्या पेशींवर तयार झालं तरच ते आपल्याला परवडेल. त्याला सुरुवात झालेली आहे. बंगळुरूत पालकांनीच डार्ट नावाची ट्रस्ट काढून लॅब उभी केली, २०२२ ला आयआयटी जोधपूर आणि एम्स जोधपूर त्यांच्याबरोबर आले. फ्रान्समध्ये तर १९८७ ला डीएमडीच्या मुलांच्या पालकांनी टेलेथॉन सुरू केला, दर डिसेंबरात गावोगाव लोक धावतात, केक विकतात, आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या जेनेथॉन लॅबनं ९० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसाच्या जीनोमचे पहिले नकाशे काढून जगाला फुकट दिले. केक विकून! हे वाचलं आणि मी आमच्या रनिंग ग्रुपवर मेसेज टाकला.

आता कामाचं. स्वतःच्या खात्यावर, जीपेवर पैसे गोळा करू नका. कितीही ओळखीचे लोक असले तरी नाही. महाराष्ट्रात असा निधी जमवायला धर्मादाय आयुक्तांचे नियम आहेत आणि एकदा शंका आली की सगळं मुसळ केरात. आम्ही डीएमडीवर संशोधन करणारी एक नोंदणीकृत ट्रस्ट गाठली, त्यांच्याकडून पत्र घेतलं की या रिलेचे पैसे फक्त लॅबच्या कामाला जातील, आणि पोस्टरवर त्यांच्याच खात्याचा क्यूआर छापला. ८०जी म्हणजे इन्कमटॅक्सची सवलत हवी असेल तर देणाऱ्याचा पॅन नंबर लागतो, रोख २,००० च्या वर असेल तर सवलत मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर मार्चमध्ये फोनवर फोन येतात. परदेशातल्यांचं वेगळं प्रकरण. दुबईतल्या मैत्रिणीकडे भारतीय पासपोर्ट आहे, तिनं तिच्या इथल्या खात्यातून दिले ते चालले. मामेभाऊ अमेरिकेचा नागरिक झालाय, त्याचे पैसे म्हणजे विदेशी देणगी, त्याला ट्रस्टकडे एफसीआरए म्हणजे परदेशी पैसे घ्यायची सरकारी नोंदणी लागते, ती नव्हती, त्यामुळं त्याची मोठी रक्कम नम्रपणे परत पाठवावी लागली. जीव तुटला, पण नियम तो नियम.

सगळ्यात जास्त भांडण पोस्टरवरून झालं. एक स्पॉन्सर चांगली रक्कम द्यायला तयार होता पण त्याला ओमचा व्हीलचेअरवरचा फोटो हवा होता, आणि वर "मृत्यूशी झुंजणारा चिमुकला" वगैरे. ओमनं ते डिझाईन बघितलं आणि म्हणाला, "मावशी, मी आत्ता मृत्यूशी बिलकुल झुंजत नाहीये, मी नववीत आहे." स्पॉन्सरला नाही म्हणून कळवलं. मला अजूनही वाटतं तेच बरोबर होतं. दया म्हणून दिलेले पैसे एकदाच येतात आणि त्या फोटोतलं मूल तो फोटो आयुष्यभर वागवतं. आमच्या पोस्टरवर शेवटी एका जीनचं चित्र, रूटचा नकाशा आणि खाली मोठ्या अक्षरात "या पैशातून आज कुणी बरं होणार नाही, उद्यासाठी द्या" एवढंच होतं. काहींनी ते वाचून हात आखडता घेतला. ओमचं डिफ्लाझाकॉर्ट, म्हणजे ते रोजचं स्टेरॉइड, आणून देणाऱ्या मेडिकलवाल्या दादांनी मात्र पोस्टर काउंटरवर लावलं आणि आम्ही न मागता महिनाभर लोकांना समजावून सांगितलं, वाईतले निम्मे पैसे त्यांच्यामुळं आले असतील.

रूट कात्रज ते वाई ठरला, साधारण ८० किलोमीटर. हायवेनं खंबाटकीतून जायचं आधीच रद्द केलं, त्या ट्रकांमध्ये रात्री माणसं पळवायची म्हणजे जिवाशी खेळ. जुना कात्रज घाट, जुना बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळपर्यंत सर्व्हिस रोड धरत, तिथून हायवे सोडून भोर, आणि भोरवरून मांढरदेवीचा घाट चढून खाली वाई. तारीख डिसेंबरात घेतली कारण पुढं पौषात काळूबाईची यात्रा, तेव्हा त्या घाटात पाय ठेवायला जागा नसते. पुणे ग्रामीण आणि सातारा, दोन्हीकडच्या पोलिसांना रूट आणि वेळा लिहून दिल्या, एक अॅम्ब्युलन्स, प्रत्येक रनरच्या मागे ब्लिंकर लावलेली एक गाडी, अंधारात रिफ्लेक्टर जॅकेट घातल्याशिवाय कुणी गाडीतून उतरायचं नाही. सपाटीला पाच पाच किलोमीटरचे टप्पे, घाटात दोन दोनचे. घाटात मोठे टप्पे ठेवायचा मोह आवरा, तिथंच लोकांचे गुडघे जातात.

शेवट कुठं करायचा यावर मीटिंगमध्ये सगळे एकमुखानं म्हणाले कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीसमोर, फोटो काय भारी येईल. ओम म्हणाला, "पायऱ्या आहेत. मी वरूनच बघू का?" विषय तिथंच संपला, शेवट शाळेच्या मैदानावर ठरला.

बॅटन पण ओमनंच पास केला. आधी अॅल्युमिनियमचा आणला होता, चकचकीत, पण त्याला तो धरून वर उचलता येईना. डीएमडीत खांदे आणि दंड आधी जातात, बोटं बरीच वर्षं साथ देतात, म्हणजे तो मोबाईलवर फटाफट टाईप करतो पण ग्लास तोंडापर्यंत न्यायला कोपर टेबलावर टेकवावं लागतं. मग भावजींनी पीव्हीसी पाईपचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे कापून आणले आणि त्याच्या ट्रेवर ओळीनं ठेवले. त्यानं एकेक घेतला, दोन्ही हातांनी, तळवे खालून लावून, आणि एक वीतभर लांबीचा बाजूला काढला. त्यावर क्रिकेटच्या बॅटची ग्रिप चढवली, निळी, घामानं निसटू नये म्हणून. आणि देताना वरून द्यायचा नाही, त्याच्या मांडीवरच्या तळहातात आडवा ठेवायचा, हे त्यानं सगळ्या रनरना एकदा करून दाखवायला लावलं.

पहाटे चारला कात्रजवरून निघालो. घाटातला अंधार, थंडी, बोगद्यातून येणारा आपल्याच पावलांचा आवाज, यावर मी पानंच्या पानं लिहू शकते पण कुठलाही रनर ते लिहील. शिवापूरच्या पुढं उजाडलं. कापूरहोळला चहा, हायवे सुटला तसं सगळ्यांना एकदम हायसं वाटलं.

भोरला थांबलो ते मात्र सविस्तर सांगायलाच पाहिजे. एसटी स्टँडजवळ आमच्यातल्या दोघी फिजिओथेरपिस्ट माईक घेऊन साध्या भाषेत सांगत होत्या, मूल जमिनीवरून कसं उठतं बघा, टाचा टेकवतं का बघा, जिना चढताना कठडा ओढतं का बघा. थोडी गर्दी जमली, पांगली. एक बाई मागं थांबून राहिल्या. जवळ येऊन म्हणाल्या, "माझे दोन भाऊ असेच गेले ओ, पाय गेले आधी. आता माझं पोरगं पाच वर्षांचं आहे, मांडीवर हात ठेवूनच उठतंय." नवरा शेजारी उभा, तो म्हणे देवाचं करून झालंय सगळं, काळूबाईला पण जाऊन आलो. माझा टप्पा जवळ आला होता, मी तो दुसरीला दिला आणि तिथंच त्यांच्यापाशी बसले. आमच्या मामाची गोष्ट सांगितली, पोलिओवाली. तिची चूक नाही हे तिच्या नवऱ्यासमोर तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं, कारण ताईला तिच्या सासरच्या नातेवाइकांकडून "तुमच्याच घराण्यातून आलंय" हे किती वेळा ऐकावं लागलंय ते मी बघितलंय, आणि त्या माउलीच्या चेहऱ्यावर तेच भीतीचं सावट होतं. सीपीकेचं नाव कागदावर लिहून दिलं. त्यांना आणखी एक मूल हवं होतं, त्याच्याही टेस्ट आता गरोदरपणात होऊ शकतात हे त्यांना माहीतच नव्हतं, डॉक्टरांशी आधी बोला म्हणलं.

नंतर त्यांचा फोन आला, सीपीके वाढलेली निघाली. पुण्यात जेनेटिक टेस्ट झाली. मुलगा अजून चालतोय, आणि आता वेळेवर स्टेरॉइड सुरू झालीयेत, त्यानं चालणं सहसा काही वर्षं तरी लांबतं. ओमच्या वेळी आमची जी दोन वर्षं "कॅल्शियम कमी आहे" यात गेली ती त्याची वाचली.

मांढरदेवीचा घाट ऊन चढायच्या आत पार करायचा होता, भोरला वेळ गेल्यामुळं तो ऐन बारा वाजता आला. चढ सरळ अंगावर येतो. कुणी कुरकुरलं नाही. एक कॉलेजचा मुलगा दोनाचे चार किलोमीटर धावला, खाली बसला, पाणी पिऊन परत गाडीतून ओरडायला लागला दुसऱ्यांसाठी. उताराला कृष्णेचं खोरं दिसायला लागलं तेव्हा मी धावत होते आणि मला रडू येत होतं, का ते माहीत नाही, थकव्यानंही असेल.

वाईत शेवटचा टप्पा ओमचा. पॉवर व्हीलचेअर, गावातून मैदानापर्यंत, मागं त्याचे वर्गातले सगळे सायकलवर. मी बॅटन त्याच्या तळहातात आडवा ठेवला, त्यानं बोटं मिटली, उजव्या हाताला जॉयस्टिक लागते म्हणून बॅटन डाव्या हातात सरकवला आणि निघाला. रस्त्यावरच्या एका स्पीडब्रेकरला खुर्ची अडली तेव्हा चार जण धावले, त्यानं थांबा म्हणून सांगितलं, मागं घेतली, तिरकी करून पार केली. मैदानावर आणखी पाच डीएमडीची कुटुंबं आली होती, साताऱ्याहून, कराडहून, फलटणहून, त्यातल्या तिघांनी एकमेकांना याआधी कधी बघितलेलंच नव्हतं. आयांनी तिथंच गोल करून गप्पा सुरू केल्या, कुठला डॉक्टर, कुठली खुर्ची, शाळेत खालच्या मजल्यावर वर्ग मिळाला का. भाषणं व्हायची होती ती कुणी ऐकलीच नाहीत. एक काका होते, त्यांचा मुलगा बाविसाव्या वर्षी गेला, तरीही घाटातला टप्पा धावून आले होते आणि पैसे सगळ्यात जास्त त्यांनीच जमवले होते. मी त्यांना "कशाला" विचारलं नाही.

एकूण पावणेचार लाख जमले. लॅबला हे फार नाही, मी खोटं बोलणार नाही. मुलांच्या त्वचेतून घेतलेल्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर एक्झॉन स्किप होतोय का ते बघायचं, त्याला लागणारी रसायनं आणि सिक्वेन्सिंग, यात जातील असं त्यांनी लिहून दिलं. आमची अट एकच होती, सहा महिन्यांनी साध्या भाषेत रिपोर्ट. तो आला. भावजींनी हिशोब आणि रिपोर्ट दोन्ही देणगीदारांना पाठवले, प्रत्येकाला, ५० रुपयेवाल्यालासुद्धा. त्यात लिहिलंय की सध्या काम एक्झॉन ५१ वर चालू आहे. ओमचा तो नाही. त्यानं वाचलं आणि विचारलं भोरच्या बाळाचा कुठला आहे. त्याचा ५१ स्किप करून चालण्यासारखा आहे. "मग त्याच्या बाबांना पाठव ना रिपोर्ट," म्हणाला, आणि मी पाठवला.

या डिसेंबरात परत करतोय, रूट तोच, फक्त भोरचा मुक्काम दोन तासांचा ठेवलाय आणि तिथं सीपीकेसाठी रक्त घ्यायची सोय बघतोय. ज्यांना टप्पा घ्यायचाय त्यांनी घाटाचा सराव आत्तापासून सुरू करा, सिंहगड चालेल.